दाराशी गर्दी

धाकट्या बहिणीचा व्हिडिओ आला तेव्हा मोठी एका गृहस्थांना आत न सोडण्याच्या कामात गुंतलेली होती. गृहस्थांची दाढ ठणकत होती आणि त्यांना फक्त एक मिनिट डॉक्टरांना भेटायचं होतं. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसून केस पांढरे केलेल्या बाईला एवढं तर कळतंच, की फक्त एक मिनिट म्हणणारा माणूस आत गेला की पाय पसरतो. ‘डॉक्टर आत्ता दुसऱ्याच्या तोंडात हात घालून बसलेत,’ ती म्हणाली, ‘तुमच्या तोंडाला म्हणावं जरा धीर धर.’ गृहस्थ गाल धरून बाकावर जाऊन बसले. आतला मदतनीस दाराआडून हसला. पाठीमागे तो तिला किल्लेदारीणबाई म्हणतो हे तिला ठाऊक होतं, आणि अलीकडे तो तोंडावरही म्हणायला लागला होता, ते तिला आवडत होतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला आणि पडद्यावर ‘धाकटी’ अशी अक्षरं उमटली. बाबा गेल्यापासून तो शब्द त्या पडद्यावर आलाच नव्हता. तो नुसता दिसण्याचाच तिला आधी राग आला.

व्हिडिओत मधमाश्यांची पेटी होती. बाबांची निळी पेटी, आता धाकटीच्या अंगणात, डाव्या कोपऱ्याशी तपकिरी डाग असलेली. तो डाग धूर करायचं तापलेलं डबडं तिच्याच हातून लहानपणी टेकलं होतं त्याचा. पेटीच्या दाराशी माश्यांची झुंबड उडालेली होती, आणि वरून धाकटीचा आवाज येत होता, थोडा खाली बसलेला, सर्दी झाल्यासारखा. ‘ताई, बघ ना, दाराशी केवढी गर्दी आहे. गेले काही दिवस हे असंच चाललंय. बरं आहे ना सगळं? तू येऊन बघशील का एकदा? थोडं बोलायचंही होतं. बाबांबद्दल.’ एवढंच. पुढे नुसतं गुणगुणणं, तेही फोनमधून पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं. तिने तो पुन्हा लावला, आणि मग आवाज बंद करून पुन्हा. आवाजाची तिला गरज नव्हती. दार वाचायला डोळे पुरतात.

दार वाच, असं बाबा म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या दारात उभं राहून विजेच्या मीटरचे आकडे वाचले, आणि घरी आल्यावर शर्ट न बदलताच ते अंगणात पेटीसमोर स्टूल टाकून बसत. पेटी उघडायची घाई करणाऱ्याला ते अडाणी म्हणत. ‘कोणाच्या घरात काय चाललंय हे कळायला आत कशाला शिरायला हवं? दाराशी बस. कोण येतंय, कसं येतंय, रिकामं येतंय का भरून येतंय, ते बघ. सगळं कळतं.’ आणि तिला कळत गेलं. पायांना पिवळे गोळे लावून माश्या येत असतील तर आत पिल्लं आहेत, राणी ठीक आहे. दुपारच्या उन्हात दारासमोर हवेत झुलत, पेटीकडे तोंड करून वरखाली होत असतील, तर त्या कोवळ्या माश्या आपलं घर पाठ करताहेत. उकाड्यात बाहेरच्या भिंतीवर दाढीसारख्या लोंबत असतील तर आत गुदमरतंय, वारा द्या. एकदा तर संध्याकाळी त्यांनी हाक मारून तिला बोलावलं होतं. पेटीच्या भिंतीवर माश्या ओळीने उभ्या होत्या, डोकी खाली, आणि सगळ्या मिळून पुढे-मागे, पुढे-मागे हलत होत्या, भिंत घासून धूत असल्यासारख्या. ‘काय करताहेत हो?’ तिने विचारलं होतं. ‘कोणालाच माहीत नाही,’ बाबा म्हणाले होते, आणि इतक्या आनंदाने म्हणाले होते की तिला आयुष्यात कधीही, कोणाच्याही अज्ञानाचा तेवढा हेवा वाटला नाही. त्या संध्याकाळी धाकटी कुठे होती? आईच्या पदराला धरून स्वयंपाकघरात. तिला माश्यांची भीती वाटायची. एक चावली तर दोन दिवस ओठ फुगवून बसायची, आणि बाबा तिला खांद्यावर घेऊन फिरायचे. माश्या मोठीच्या आणि खांदा धाकटीचा, अशी वाटणी तेव्हाच झाली होती, आणि मोठीने ती कधी मनापासून मानली नव्हती.

व्हिडिओतली गर्दी कोवळ्या माश्यांची नव्हती. एका नजरेत कळत होतं. एकीच्याही पायाला पिवळा गोळा नव्हता. येणाऱ्या माश्या सरळ उतरत नव्हत्या. दारासमोर डाव्या-उजव्या हेलकावत, झाकणाच्या फटी हुंगत, चोरपावलांनी अंदाज घेत होत्या. दारासमोरच्या फळीवर दोन-दोनच्या जोड्या एकमेकींना मिठी मारून लोळत होत्या, आणि ती मिठी नव्हती. खालच्या फरशीवर मेलेल्यांचा सडा. आणि बाहेर पडणाऱ्या माश्या, याच्यावर तर बाबा नेहमी बोट ठेवायचे, लगेच उडत नव्हत्या. आधी पेटीच्या भिंतीवर चढत, वर गेल्यावर अंग सोडून देत आणि मग कशाबशा हवेत पकड घेत. पोट मधाने तट्ट भरलेलं असलं की असं होतं. फुलोरा संपला की, बाहेर खायला काही उरलं नाही की, धष्टपुष्ट पेटीतल्या माश्या अशक्त पेटीचं दार शोधतात. ही लूट होती. नवख्या माणसाला ती भरभराट वाटते. गर्दी बघून तो खूश होतो, चार लोकांना बोलावून दाखवतो, आणि आठवड्याने पेटी उघडतो तेव्हा आत कोरडं मेण आणि भुसा. उपाय सोपा होता, एका ओळीत सांगता आला असता. दार बुजवून एक माशी जाईल एवढंच ठेव आणि पेटीवर ओलं फडकं टाक. बस. बाबांच्या हातची शेवटची पेटी वाचली असती.

‘बाई, मिनिट झालं,’ बाकावरचे गृहस्थ म्हणाले. ‘तुमचं झालं, डॉक्टरांचं नाही झालं,’ ती म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. बाबांबद्दल बोलायचं होतं म्हणे. आता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या दिवसांत बोलायला हवं होतं, बाबा धाकटीकडे आजारी पडून होते, त्या दिवसांत त्या बयेच्या तोंडात एकच वाक्य होतं. दवाखान्याच्या दुपारच्या लांब सुट्टीत मोठी धावतपळत बस पकडायची, पूल ओलांडून धाकटीच्या घरी जायची, आणि दार अर्धंच उघडायचं. अर्ध्या दारात धाकटी, पदराला हात पुसत. ‘ताई, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.’ गोड आवाज. मऊ. दाराच्या कडेला तिची बोटं, आणि त्या बोटांत जोर. पहिल्यांदा मोठीने मान डोलावली, आणि आपल्या गच्चीवरच्या पेटीतल्या मधाची बरणी त्या बोटांत देऊन ती परत आली. झोपू दे म्हाताऱ्याला, आजारी माणसाला झोप हवीच. दुसऱ्यांदाही तसंच. मग ते नेहमीचंच झालं. आणि एकदा असं झालं की धाकटीने ते वाक्य म्हणायला आणि आत चमचा फरशीवर पडायला एकच गाठ पडली. स्पष्ट आवाज. पडून, थरथरून, गोल फिरून थांबलेला चमचा. झोपलेल्या माणसाच्या हातून चमचा पडत नाही. धाकटीची पापणीसुद्धा लवली नाही. ‘मांजर असेल,’ ती म्हणाली, आणि तिच्या घरात मांजर नव्हतं.

तो चमचा मोठीच्या कानातून कधी गेलाच नाही. टेबलावर बसल्या बसल्या आत डॉक्टरांच्या ताटलीत एखादं हत्यार पडलं की तिचा हात आपोआप पर्सकडे जायचा, बस पकडायला निघाल्यासारखा. तेव्हाच दार ढकलून आत का गेलो नाही, हे तिने स्वतःला हजारदा विचारलं होतं आणि हजारदा तेच उत्तर आलं होतं: दारात अडवणाऱ्या माणसापुढे कसं वागायचं हे तिला माहीतच नव्हतं, कारण जन्मभर अडवणारी तीच होती. आणि दुसरंही एक कारण होतं, ते ती पटकन ओलांडून पुढे जायची. इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये, बाबांच्या चाकाच्या खुर्चीमागे उभं राहून, ‘माझ्या दोन खोल्यांत कसं जमणार गं, मला नोकरी आहे,’ असं ती म्हणाली होती. हळू म्हणाली होती. बाबांना ऐकू कमी यायचं. धाकटीने काही न बोलता खुर्चीचे दांडे आपल्या हातात घेतले होते, आणि त्या दिवसापासून दांडे तिच्याच हातात राहिले. पण म्हणून काय झालं? नेणं निराळं आणि दार लावणं निराळं. शेवटी फोन आला तो सगळं संपल्यावर. मोठी पोचली तेव्हा दार सताड उघडं होतं, कोणीही अडवलं नाही, आणि तेव्हा मात्र त्यांचा खरोखरच डोळा लागला होता. तिला जगात एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. पैसाअडका नको, पेटी नको. त्या दिवसांत त्यांनी आपली आठवण काढली का? ताई आली नाही का, असं एकदा तरी विचारलं का? का कॉरिडॉरमधलं वाक्य त्यांनी ऐकलं होतं आणि गिळून टाकलं होतं? हे फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाला विचारायचं म्हणजे त्याच्या दारात पुन्हा उभं राहायचं. जीव गेला तरी नाही.

आणि आता तोच माणूस आपण होऊन विचारत होता, बरं आहे ना सगळं?

तिने फोन उचलला. अंगठा स्थिर होता, याचं तिचं तिलाच कौतुक वाटलं. ‘छान बहरलीय पेटी,’ तिने लिहिलं. ‘माश्या खूश आहेत. दार अजून मोठं कर, म्हणजे दाटी होणार नाही. मला यायला सवड नाही.’ आणि शेवटी एक फूल टाकलं, पिवळं. पाठवून दिलं. जिभेवर काहीतरी गोडसर, धातूसारखं आलं, दाढ काढल्यावर रक्त येतं तसं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: ‘बरं ताई. तू म्हणतेस तसं करते.’ तिने ते वाचलं आणि तिला हसू फुटलं. धाकटी जन्मात कधी तिच्या म्हणण्याप्रमाणे वागली नव्हती, आणि वागायला मुहूर्त काय शोधला! ‘जा हो आत,’ ती गृहस्थांना म्हणाली. मदतनीस चाटच पडला. किल्लेदारीणबाईंनी आज डॉक्टरांनी बोलावण्याआधीच किल्ला उघडला होता.

पुढचे दिवस तिला फार बरे गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. सूड हा शब्द तिने मनातसुद्धा उच्चारला नाही. पण सकाळी चहा घेताना, बसमध्ये उभं असताना, रुग्णांची नावं पुकारताना तिच्या डोळ्यांपुढे ते दार मोठं होत जायचं. आत्ता दार अरुंद करणारी पट्टी काढली असेल. आत्ता आतल्या मधाच्या चौकटी एकेक करून रिकाम्या होत असतील. एखाद्या दिवशी धाकटी पेटी उचलायला जाईल आणि ती हाताला रिकाम्या खोक्यासारखी हलकी लागेल, तेव्हा तिला कळेल, उघड्या दाराशी उभं राहून आपलं माणूस जाताना कसं वाटतं ते. राणीसकट सगळं संपलेलं असेल. बाबांनी स्वतः खिळे ठोकलेली, स्वतः निळी रंगवलेली पेटी. या ठिकाणी तिच्या छातीत काहीतरी टोचायचं. पण टोचलं की ती चमचा आठवायची, आणि टोचणं थांबायचं.

शिवाय तिच्या स्वतःच्या पेटीचं बरं चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि त्यांच्या पुढची गच्ची, एवढा तिचा संसार; गच्चीच्या कोपऱ्यात तिची पेटी. बाबांच्या पेटीतून वेगळी काढलेली, म्हणजे त्या पेटीची लेकच. फुलोरा संपलेला असूनही तिच्या माश्या सकाळपासून कामाला जुंपलेल्या असायच्या, आणि संध्याकाळी ती मागचा कोपरा एका हाताने उचलून बघायची तर पेटी रोज जडच. मदतनिसाला तिने ऐकवलंही होतं, ‘माझ्या माश्यांना कुठेतरी घबाड सापडलंय. हुशार आहेत, मालकिणीवर गेल्यात.’ येणाऱ्या माश्यांच्या पायांना पिवळे गोळे नव्हते, हे तिला दिसत होतं. रोज दिसत होतं. बागांना फवारे मारले असतील, पिवळं नसेल कुठे, असं तिने ठरवून टाकलं होतं. आपल्या दाराशी बसलेल्या माणसाला आपली भरभराट वाचायची असते, दुसरं काही नाही. नदीवरच्या पुलावरून वळसा घालून बस धाकटीच्या घरी जायला अर्धी दुपार खाते. माशीला वळसा नसतो. ती सरळ नदीवरून जाते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती बाबांचं जुनं स्टूल घेऊन पेटीसमोर बसली होती. ऊन तिरपं होतं, फळी उजळून निघाली होती. पहिली माशी उतरली तेव्हा तिला वाटलं डोळ्यांपुढे काही आलं. तिने चष्मा पुसला. दुसरी उतरली. पांढरी. पाठीवर, पंखांच्या मुळाशी, डोक्यावर पांढरी भुकटी, आणि पोट तट्ट फुगलेलं. फळीवर टेकल्यावर ती दमून थबकली, तेव्हा तिच्या अंगावरची थोडी भुकटी लाकडावर सांडली. मोठीने बोट टेकवून ती उचलली, बोटांत चोळली, जिभेला लावली. पीठ होतं.

मग तिला सगळं एकदम उमगलं. पेटी लुटली जात असली आणि लुटारू कुठले ते कळत नसलं, तर लुटलेल्या पेटीच्या दाराशी बाहेर पडणाऱ्या माश्यांवर पीठ भुरभुरायचं. मग ज्याच्या दाराशी पांढऱ्या माश्या उतरतील, त्याच्या त्या. ही बाबांची युक्ती. मोठीला त्यांनी ती सांगितली होती, करून मात्र कधी दाखवली नव्हती. तशी वेळच आली नव्हती. म्हणजे नदीपलीकडे, निळ्या पेटीसमोर, कोणीतरी हातात पीठ घेऊन उभं होतं. ज्याला ही युक्ती माहीत आहे त्याला लूट कशी दिसते हेही माहीत असतं. व्हिडिओ पाठवतानाही माहीत असतं. तिसरी पांढरी उतरली, चौथी, मग एक अख्खी झुंड. पहारेकरी माश्यांनी त्यांना हुंगलं आणि बाजूला होऊन आत सोडलं. घरच्याच होत्या, आणि भरल्या पोटाने आलेल्या.

फोन वाजला तेव्हा तिने नाव न बघता उचलला.

‘ताई,’ धाकटी म्हणाली. तोच मऊ आवाज. ‘दार आणखी मोठं करू का?’

मोठीच्या तोंडातून पिठाची चव जात नव्हती. खोटं बोलायला अजूनही जागा होती, पण तिला ती सापडेना. ‘पीठ तू टाकलंस?’

‘हो. पोचलं वाटतं तुझ्याकडे. मला वाटलंच होतं. पण म्हटलं उगीच संशय नको, आधी ताईला विचारू. ताई खरं सांगेल.’

‘तुला कोणी शिकवलं हे?’

‘आता कोण शिकवणार? बाबांनी. शेवटी शेवटी रोज खुर्ची पेटीसमोर न्यायला लावायचे. दार वाचायला शिकवायचे मला. मी चावून घेतलं, हात सुजवून घेतले, पण शिकले. नुसते बोलत बसायचे तासन्‌तास. दुपारी झोप कुठे लागायची त्यांना.’

वाक्य बोलून झालं आणि ते दोघींच्या मध्ये उभं राहिलं. आपण काय बोलून गेलो ते धाकटीला कळलं होतं का, की तिने ते मुद्दामच बोलून टाकलं होतं, हे मोठीला ओळखता येईना. आणि तिला आश्चर्य वाटलं की आत्ता, हातात पुरावा आल्यावर, तिला त्या चमच्याचा राग आठवत नव्हता. दुपारी बाबा जागे होते. खुर्चीत बसून बोलत होते. अर्ध्या दारापासून बारा-पंधरा पावलांवर. तिच्या बरणीतला मध कदाचित त्याच चमच्याने खात होते. बोलत होते म्हणजे काय काय बोलत होते?

‘पेटीत काही उरलंय का?’ तिने विचारलं. तिला हे विचारायचं नव्हतं.

‘नाही. आजच आटोपलं. आता माश्या नुसत्या मेण चाटायला येतात. तुझ्या.’

‘मी आत्ता येऊ? पूल ओलांडून येते, लगेच बस मिळेल. तू मला बोलावलं होतंस ना. बोलायचं होतं म्हणालीस.’

‘तेव्हा होतं.’

‘माझं काही…’ मोठीचा आवाज फुटला, आणि फुटला तो तिने फुटू दिला. जन्मात पहिल्यांदा ती कोणाच्या तरी दारात पदर पसरून उभी होती. ‘माझं काही बोलायचे का गं ते? मी यायचे तेव्हा? एकदा तरी? फक्त एवढं सांग, मग मी पुन्हा काही विचारणार नाही.’

पलीकडे कपात चमचा फिरत होता. सावकाश, कपाला जेमतेम लागेल असा, जसा धाकटी लहानपणापासून फिरवायची. मग तो थांबला आणि बशीत ठेवल्याचा आवाज आला.

‘ताई,’ धाकटी म्हणाली, ‘आत्ताच डोळा लागत होता माझा. ठेवते हं.’

फोन बंद झाला. मोठीने तो कानालाच धरून ठेवला. ऊन फळीवरून खाली उतरलं होतं. पांढऱ्या माश्या अजून येत होत्या, आता अगदी थोड्या, पोटं रिकामी, नुसतं अंगावरचं पीठ घेऊन. एकेक करून त्या दाराशी उतरत होत्या, आणि दाराशी त्यांना कोणीही अडवत नव्हतं.